वजनाला हलकी बीसीडी: पारख, जुळवणी आणि पाण्यातल्या अडचणींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीसीडी म्हणजे स्कूबा डायव्हरचं हवा भरता-सोडता येणारं जाकीट; ते पाठीवर सिलिंडर धरतं आणि पाण्यात तरंगणं-बुडणं सांभाळतं. प्रवासात नेता येईल अशी हलकी बीसीडी घेतल्यावर किंवा घेण्याआधी डायव्हर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं प्रशिक्षण घेतलेल्या डायव्हरसाठी आहेत. हाताशी वेळ कमी असेल तर आधी प्रश्न ४ आणि ५ वाचा. बीसीडीबद्दलच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ बीसीडीत नसतं. ते बुडण्यासाठी कमरेवर बांधलेल्या जास्तीच्या शिशात सापडतं.

१. हलक्या बीसीडीत नेमकं काय कमी केलेलं असतं?

नेहमीच्या जॅकेट बीसीडीचं कोरडं वजन साधारण साडेतीन ते पाच किलो भरतं. प्रवासी प्रकारच्या बहुतेक बीसीडी दोन ते तीन किलोंच्या आसपास असतात. हा फरक पाठीमागची कडक प्लास्टिकची पाटी, जाड पॅडिंग, मोठे खिसे आणि धातूच्या कड्या काढून साधलेला असतो. कापडही पातळ असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये हवापिशवीसुद्धा लहान असते, आणि खरेदी करताना नेमकं हेच नजरेतून सुटतं.

इन्फ्लेटर (हवा भरण्याची नळी आणि बटण), हवा सोडणारे डंप व्हॉल्व्ह आणि पिशवी फुटू नये म्हणून आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह यांत मात्र काटछाट चालत नाही. हे भाग हातात घेतल्यावर तकलादू वाटले, तर बीसीडी कितीही हलकी असली तरी सोडून द्या.

२. बीसीडी हलकी घेतली तर शिसंही कमी लागेल का?

बहुधा हो, पण कारण वेगळं आहे. काट्यावरचं वजन आणि पाण्यातलं वजन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाड पॅडिंगमधला फोम पाण्यात तरंगतो आणि त्याला बुडवायलाच थोडं शिसं खर्ची पडतं. हलक्या बीसीडीत फोम जवळजवळ नसतो, त्यामुळे जुन्या जॅकेटवरून तिच्याकडे वळलात तर अर्धा ते एक किलो शिसं उतरवता येण्याची शक्यता असते. उलट स्टीलची पाटी असलेली विंग (पाटी आणि तिच्यामागे हवापिशवी अशी बीसीडी) जमिनीवर जड लागते, पण पाण्यात ती पाटीच शिशाचं काम करते. म्हणून फक्त काट्यावरचा आकडा पाहून तुलना करू नका.

३. जॅकेट, बॅक-इन्फ्लेट की विंग?

जॅकेटमध्ये हवा कडेनेही भरते, त्यामुळे पृष्ठभागावर सरळ तरंगणं सोपं जातं. बॅक-इन्फ्लेट आणि विंगमध्ये सगळी हवा पाठीवर असते; पाण्याखाली आडवं राहणं सहज जमतं आणि छाती मोकळी राहते. प्रवासासाठी मी पाठीवर हवा असलेलीच निवडतो. पृष्ठभागावर त्यामुळे येणाऱ्या अडचणीसाठी प्रश्न १० पाहा.

४. माझ्यासाठी किती उचल क्षमता पुरेशी आहे? लेबलवरचा आकडा कसा वाचायचा?

लेबलवर उचल किलोत, पाउंडात किंवा न्यूटनमध्ये लिहिलेली असते. १० पाउंड म्हणजे सुमारे साडेचार किलो आणि १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलो. एकाच मॉडेलच्या लहान आणि मोठ्या मापांत उचल वेगळी असते, तेव्हा जाहिरातीतला आकडा तुमच्या मापाचा आहे ना, याची खात्री करा.

बीसीडीला दोन वेगवेगळी कामं करावी लागतात आणि दोन्हींचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो.

पहिलं काम खोलीवरचं. वेटसूटच्या (पाण्यात घालायच्या उबदार सूटच्या) निओप्रीन रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. बुडबुडे आक्रसतात आणि सूटची तरंगण्याची ताकद जाते. शिवाय डायव्हच्या सुरुवातीला सिलिंडरमधली हवा तुम्ही वजन म्हणून वाहत असता. हवेचं वजन लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला (बार हे दाबाचं एकक) साधारण २४०० लिटर हवा असते, म्हणजे जवळजवळ २.९ किलो. समजा तुमचा सूट पृष्ठभागावर ५ किलो उचलतो आणि खोलीवर त्यातले ४ किलो गमावतो. त्यात हवेचे २.९ मिळवले की सात किलोंच्या आसपास आकडा येतो. खोलीवर बीसीडीला एवढं तोलता आलंच पाहिजे.

दुसरं काम लोक विसरतात. पाण्यात बीसीडी अंगातून काढावी लागली, तर तिने स्वतःला सिलिंडर आणि शिशासकट तरंगत ठेवलं पाहिजे. भरलेला स्टीलचा सिलिंडर पाण्यात तीन-चार किलो जड असू शकतो. रेग्युलेटरचा (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या साधनाचा) दीडेक किलो धरा. बीसीडीच्या खिशांत ६ किलो शिसं ठेवलंत तर बेरीज अकराच्या आसपास जाते. मग १२ किलो उचलीच्या बीसीडीत हाताशी काही उरत नाही. त्यातलं ३-४ किलो शिसं कमरेच्या बेल्टवर घेतलं की हीच बीसीडी आरामात पुरते. या एका बदलावर हलकी बीसीडी निर्धास्त वापरता येते.

सूटची उचल अंदाजाने धरू नका, मोजा. सूट जाळीच्या पिशवीत घाला, पाण्यात दाबून अडकलेली हवा काढा आणि पिशवी जेमतेम बुडेपर्यंत शिसं टाकत जा. पाण्यात शिशाचं वजन सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरतं, म्हणजे ५ किलो शिशाने बुडालेल्या सूटची उचल साधारण साडेचार किलो.

५. शिसं किती घ्यायचं ते कसं ठरवू? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा सांगतात.

शरीराच्या वजनाच्या टक्केवारीत सांगितलेले आकडे फार तर सुरुवातीला उपयोगी पडतात. खरं उत्तर पाण्यातच मिळतं.

डायव्ह संपताना, सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास हवा उरली असताना, पृष्ठभागावर या. श्वास घेण्याजोगं रेग्युलेटर तोंडात असू द्या. बीसीडी पूर्ण रिकामी करा, पाय हलवू नका आणि नेहमीएवढा श्वास घेऊन थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. श्वास घेतलेला असतानाही डोकं पाण्याखाली गेलं तर शिसं जास्त आहे. एक किलो काढा आणि पुन्हा तपासा.

ही चाचणी भरलेल्या सिलिंडरवर करणार असाल, तर डायव्हमध्ये संपणाऱ्या हवेचं वजन नंतर मिळवावं लागतं. ११.१ लिटरच्या सिलिंडरला २०० वरून ५० बारपर्यंत येताना सुमारे २ किलो हवा खर्च होते. तेवढं शिसं जास्त ठेवलं नाही तर वर येताना सुरक्षेसाठी घ्यायच्या ५ मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्याला तुम्ही वर ओढले जाल.

यावर माझा इतका भर का? दोन किलो जास्तीचं शिसं तोलायला खोलीवर बीसीडीत दोन लिटर जास्तीची हवा ठेवावी लागते. १० मीटरवरची दोन लिटर हवा पृष्ठभागाकडे येता येता चार लिटर होते. तुमचा वर येण्याचा वेग सतत निसटतो, आणि दोष बीसीडीच्या माथी जातो. एका डायव्हरने मला सांगितलं होतं की त्याची नवी बीसीडी ‘स्वतःहून फुगते’. पाण्यात तपासल्यावर त्याच्या कमरेवरून चार किलो शिसं उतरलं, आणि फुगण्याची तक्रारही संपली.

६. पण शिसं कमी केलं की मला खाली जाताच येत नाही!

पहिल्या दोन-तीन मीटरांत हे फार जणांना होतं, आणि लगेच शिसं वाढवलं जातं. त्याआधी तीन गोष्टी पाहा. कोरड्या सूटमध्ये आणि बीसीडीच्या घड्यांत हवा अडकलेली असते, तेव्हा पाण्यात उतरल्यावर मिनिटभर थांबून सूट पूर्ण भिजू द्या. इन्फ्लेटरची नळी फक्त वर धरू नका, ताणून वर धरा आणि डावा खांदा उचला. आणि पाय थांबवा: उभं राहून फिन (पायांत घालायचे पोहण्याचे पंख) मारत असाल, तर तुम्ही स्वतःलाच वर ढकलत असता. धास्तीमुळे फुप्फुसं भरलेली राहतात, हेही एक मोठं कारण आहे. पूर्ण श्वास सोडा, शरीर खाली सरकायला लागेपर्यंत पुढचा श्वास घेऊ नका. एवढं करूनही जमलं नाही तरच एक किलो वाढवा.

७. अंगावर माप बरोबर बसलंय हे दुकानात कसं ओळखायचं?

जो सूट घालून डायव्ह करणार, तो घालूनच बीसीडी घालून पाहा. पट्टे आवळा, तोंडाने फुंकून बीसीडी पूर्ण फुगवा आणि खोल श्वास घ्या. छाती किंवा पोट आवळलं जात असेल तर माप लहान आहे. मग कुणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर उचलायला सांगा. बीसीडी कानांपर्यंत सरकली तर ती मोठी आहे किंवा कमरपट्टा सैल आहे. पट्टे अंगाला घट्ट बसल्यावरही आणखी आवळायला थोडी लांबी उरली पाहिजे, कारण खोलीवर सूट आक्रसतो आणि जमिनीवर घट्ट बसलेला पट्टा सैल पडतो. शेवटी डोळे मिटून प्रत्येक डंपची दोरी आणि इन्फ्लेटर हाताने शोधा. चाचपडावं लागलं, तर पाण्यातही चाचपडावं लागेल.

८. सिलिंडर पाठीवरून घसरतो किंवा डावी-उजवीकडे डोलतो. काय करू?

हलक्या बीसीडीत कडक पाटी नसते आणि कॅम बँड (सिलिंडर बीसीडीला बांधणारा पट्टा) बहुधा एकच असतो, म्हणून ही तक्रार तिच्याबाबत जास्त ऐकू येते. नायलॉनचा बँड ओला झाला की ताणतो. त्यामुळे सिलिंडर बसवण्याआधी बँड पाण्यात नीट भिजवा आणि मगच आवळा. बकल बंद करायला जोर लागला पाहिजे. नंतर बीसीडी वरच्या हँडलला धरून उचला आणि झटका द्या. सिलिंडर जागचा हलता कामा नये. बोट घालून बँड खाली सरकवता आला तर पुन्हा आवळा.

बँड बकलमध्ये कसा ओवायचा हे बनावटीनुसार बदलतं. चुकीचा ओवलेला बँड जमिनीवर घट्ट वाटतो आणि पाण्यात सुटतो, म्हणून सोबतच्या आकृतीचा फोटो फोनमध्ये ठेवा. वरच्या बाजूला छोटा सुरक्षा पट्टा असेल तर तो सिलिंडरच्या गळ्यात अडकवायला विसरू नका.

डोलण्याचं कारण मात्र पुष्कळदा खांद्याच्या पट्ट्यांत असतं. ते खूप आवळले की बीसीडीची खालची बाजू पाठीपासून सुटते. आधी कमरपट्टा घट्ट करा, मग खांदे बेताने, छातीचा पट्टा सर्वांत शेवटी.

९. पाण्याखाली माझे पाय खाली जातात. की बीसीडीच चुकीची आहे?

बीसीडी बदलण्याआधी वजन कुठे आहे ते बदला. तीन-चार मीटरवर न्यूट्रल व्हा (म्हणजे ना बुडणं ना तरंगणं), आडवे व्हा, हात दुमडा आणि फिन पूर्ण थांबवा. काही सेकंदांत शरीराचं जड टोक खाली झुकतं. जोडीदाराला व्हिडिओ काढायला सांगा. आपण आडवे आहोत असं वाटणं आणि आडवं असणं यांत फार अंतर असतं.

पाय झुकले तर वजन डोक्याकडे सरकवा: सिलिंडर तीन-चार सेंटिमीटर वर घ्या किंवा एक-दोन किलो कॅम बँडवरच्या छोट्या ट्रिम खिशांत ठेवा. डोकं झुकलं तर याच्या उलट करा. सिलिंडर वर घेताना मान मागे वाकवून पाहा, डोकं रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यावर (सिलिंडरवर बसणाऱ्या भागावर) आपटलं तर तो जास्त वर गेला. जड रबराच्या फिनऐवजी हलक्या फिन घातल्यानेही पुष्कळ फरक पडतो.

पाय लोंबकळत पोहणाऱ्याची प्रत्येक किक त्याला थोडी वर ढकलते. तो वर जाऊ नये म्हणून बीसीडीत कमी हवा ठेवतो, म्हणजे मुळात जड असतो आणि किकच्या जोरावर तरंगतो. थांबला की बुडतो. म्हणून ट्रिम (पाण्यातली शरीराची आडवी स्थिती) सुधारली की शिशाची चाचणी (प्रश्न ५) पुन्हा करा.

१०. पृष्ठभागावर बॅक-इन्फ्लेट बीसीडी मला तोंडावर ढकलते.

बहुतेक वेळा हवा गरजेपेक्षा जास्त भरलेली असते आणि शिसं पोटाच्या बाजूला असतं. हनुवटी पाण्याबाहेर राहील इतकीच हवा ठेवा, पाय थोडे पुढे घ्या आणि आरामखुर्चीत रेलावं तसं मागे रेला. बेल्टवरचं शिसं कमरेच्या मागच्या बाजूला सरकवा. मांडीपट्टा लावल्याने बीसीडी वर चढत नाही आणि हा धक्काही कमी जाणवतो. पृष्ठभाग खवळलेला असेल तर तोंडातून रेग्युलेटर काढूच नका.

११. वर येताना डंप ओढतो, तरी थोडी हवा आत राहते.

हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाते आणि व्हॉल्व्ह तिथे नसेल तर ती बाहेर येत नाही. उभे असाल तर इन्फ्लेटरची नळी उंच धरा किंवा खांद्यावरचा डंप ओढा. आडवे असाल तर कंबर किंचित उचलून मागचा खालचा डंप वापरा. हलक्या बीसीडीत हवापिशवी घडीवर दुमडली जाऊन हवेचे कप्पे तयार होऊ शकतात. दोन्ही बाजूंना थोडं कलून पाहा. तुम्ही वर यायला लागल्यावर नाही, वर जायला सुरुवात करण्याआधीच हवा सोडायला लागा.

१२. ॲल्युमिनियम आणि स्टील सिलिंडर बदलल्यावर किती फरक धरायचा?

नेहमीचा ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर भरलेला असताना पाऊण किलोच्या आसपास जड असतो आणि रिकामा होत आला की दीड-दोन किलोंनी तरंगायला लागतो. डायव्हच्या शेवटी त्याचं बूड वर उचललं जातं, तेही याचमुळे. स्टीलचे बहुतेक सिलिंडर रिकामे झाले तरी तरंगत नाहीत. म्हणून ॲल्युमिनियमवरून स्टीलवर जाताना साधारण दोन किलो शिसं उतरवता येतं, पण सिलिंडरच्या बनावटीनुसार हा आकडा हलतो. प्रश्न ५ ची चाचणी नव्या सिलिंडरवर पुन्हा करा.

१३. समुद्रातून गोड्या पाण्यात गेलो तर?

शिसं कमी करा. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि तुमचं सगळं सामान मिळून १०० किलो असेल, तर सुमारे अडीच किलो शिसं उतरवावं लागेल. उलट दिशेला जाताना तेवढंच वाढवा.

१४. जाड सूट किंवा ड्राय सूटवर हलकी बीसीडी चालेल का?

७ मिलिमीटरच्या दोन तुकड्यांच्या सूटवर बहुतेक हलक्या बीसीडी अपुऱ्या पडतात. प्रश्न ४ चा हिशेब मांडलात की स्वतःलाच दिसेल. ड्राय सूटबाबत (आत पाणी न शिरू देणाऱ्या, हवा भरलेल्या सूटबाबत) तर नाहीच म्हणेन. त्यात पाणी शिरलं तर सूटची जवळजवळ सगळी उचल जाते, अंगावर दहा-बारा किलो शिसं तसंच राहतं आणि ते सगळं बीसीडीवर येतं. अशा पाण्यासाठी मोठी विंग घ्या.

१५. नवी किंवा वापरलेली बीसीडी घरी कशी तपासू?

आधी तोंडाने पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. तापमानामुळे थोडी मऊ पडेल, पण सकाळी पोकळ लागली तर गळती आहे. बाथटबमध्ये बुडवून किंवा शिवणी, नळीचा जोड आणि व्हॉल्व्ह यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा.

नंतर सिलिंडर जोडा आणि फुगवण्याचं बटण दाबून धरा. पिशवी गच्च झाली की जास्त दाबाचा व्हॉल्व्ह फुस्स करून उघडला पाहिजे आणि बटण दाबलेलं असेपर्यंत हवा बाहेर टाकत राहिला पाहिजे. बटण सोडताच हवा येणं लगेच थांबलं पाहिजे. नळी जोडून दहा मिनिटं तशीच ठेवा. बटण न दाबता बीसीडी फुगत असेल तर इन्फ्लेटर दुरुस्तीला द्या. प्रत्येक डंप ओढून पाहा, सोडल्यावर तो पूर्ण बंद होतो का ते ऐका.

वापरलेली असेल तर रिकामी पिशवी हातांत चोळा. आतलं आवरण सुटायला लागलं असेल तर चिकट किंवा करकरीत लागतं, आणि त्यावर इलाज नाही. आत थोडं पाणी घालून बाहेर काढा. हिरवट पावडर किंवा मिठाचे खडे आले तर आधीच्या मालकाने ती कधी आतून धुतली नव्हती.

१६. इन्फ्लेटर अडकला आणि बीसीडी फुगतच राहिली तर?

एका हाताने डंप ओढून हवा सोडत राहा आणि दुसऱ्या हाताने सिलिंडरकडून इन्फ्लेटरला येणारी नळी सोडवा. ती दाबाखालीही सुटते. त्यानंतर गरजेपुरती हवा तोंडाने भरा आणि डायव्ह संपवा. उथळ पाण्यात, हातमोजे घालून, डोळे मिटून हे दहा वेळा करा. हलक्या बीसीडीची पिशवी लहान असल्याने ती लवकर गच्च होते, तेव्हा विचार करायला उसंत मिळत नाही.

१७. मी बेशुद्ध झालो तर बीसीडी तोंड पाण्याबाहेर ठेवेल ना?

नाही. बीसीडी म्हणजे जीवरक्षक जाकीट नव्हे. बीसीडीसाठीचं युरोपीय मानक ईएन १८०९ देखील अशी हमी देत नाही. तुमचं तोंड पाण्याबाहेर ठेवणं हे जोडीदाराचं काम आहे, म्हणून तुमच्या बीसीडीचे डंप आणि शिशाचे खिसे कसे सुटतात, हे डायव्हआधी त्याला हात लावून दाखवा.

१८. शिसं बीसीडीच्या खिशांत ठेवावं की बेल्टवर?

थोडं इथे, थोडं तिथे. कारण प्रश्न ४ मध्ये आहे. प्रत्येक खिशाची मर्यादा त्यावर लिहिलेली असते आणि ती पाळा, हलक्या बीसीडीचं पातळ कापड जास्त भाराने लोंबतं. नुसत्या व्हेल्क्रोवर तोललेले खिसे मला पटत नाहीत. व्हेल्क्रो झिजला की खिसा निसटतो, आणि एका बाजूचं तीन किलो शिसं अचानक गेलं तर वर जाणं आवरता येत नाही. क्लिप असलेले घ्या. कॅम बँडवरच्या ट्रिम खिशांतलं शिसं आणीबाणीत टाकता येत नाही, तेव्हा टाकता येण्याजोगं शिसं दुसरीकडे ठेवलेलंच पाहिजे.

१९. धुणं, वाळवणं आणि बॅगेत भरणं?

बाहेरून गोड्या पाण्याने धुवाच, पण आतूनही धुवा: इन्फ्लेटरच्या तोंडातून पाणी घाला, थोडी हवा भरा, सगळीकडे हलवा आणि उलटी करून खालच्या डंपमधून काढा. दोनदा. पूलमध्ये वापरली असेल तर क्लोरीनसाठीही हेच करा. अर्धवट फुगवून सावलीत वाळवा. उन्हाने कापड आणि आवरण दोन्ही कुजतात. पिशवीच्या आतल्या ओलाव्यात बुरशी वाढते, म्हणून बीसीडीतली हवा कधीही श्वासात घेऊ नका.

विमानात नेण्याआधी हवा पूर्ण काढा. उड्डाणात दाब कमी होतो आणि अडकलेली हवा फुगते. दरवेळी एकाच रेषेवर घडी घालू नका, पातळ कापडात गळती बहुधा घडीच्या कोपऱ्यातच सुरू होते. घरी ठेवताना थोडी हवा भरून रुंद हँगरवर टांगा.

२०. बारीक छिद्र झालं तर चिकटवून चालेल का?

पिशवी वेगळी काढता येत असेल आणि छिद्र सपाट भागावर असेल तर निर्मात्याने सांगितलेल्या चिकटपदार्थाने ते बुजवता येतं. नंतर प्रश्न १५ ची रात्रभराची चाचणी करा. वेल्ड केलेल्या शिवणीवरची गळती, एकापेक्षा जास्त छिद्रं किंवा आतलं आवरण सुटलेलं असेल, तर पिशवी बदला. ती बदलता येत नसेल तर बीसीडी निकालात काढा. कुणाला देऊनही टाकू नका: इन्फ्लेटर काढून घ्या आणि पिशवी कात्रीने कापा, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या पाठीवर जाणार नाही.